पंचवीस रुपयांचा दंड आणि एक प्रेमकथा

आजचा भाग पुस्तकांवर आहे, पण घाबरू नका, समीक्षा वगैरे करणार नाहीये. मी साहित्याची अभ्यासक नाही. प्रवासात वाचणारी, झोपायच्या आधी वाचणारी, आवडलं नाही तर पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटणारी साधी वाचक आहे. गेले काही महिने मी ठरवून दोनच प्रकारची मराठी पुस्तकं वाचली : रहस्यकथा आणि प्रेमकथा. जुन्यातली जुनी मिळतील तिथून सुरुवात केली आणि 'दुनियादारी'पर्यंत आले.

वाचता वाचता एक गोष्ट सारखी जाणवली. हे दोन्ही प्रकार मराठी माणसाने भरभरून वाचले आणि दोन्हींबद्दल कायम ओशाळवाणं बोलला. क्रमिक पुस्तकाच्या आत लपवून अर्नाळकर वाचला, असं सांगणारे आजोबा तुमच्याही घरात असतील. 'पोरं बिघडतात' हे वाक्य आज मोबाइलबद्दल ऐकता ना? तेच वाक्य आधी कादंबरीबद्दल होतं. आणि हे वाक्य फक्त घरात राहिलं नाही. ते थेट कोर्टात गेलं. आजची खरी गोष्ट ती आहे. पण तिथे पोचायला थोडं मागून यावं लागेल.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून साधारणपणे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात. साल १८५७. विषय एकदम गंभीर, हिंदू विधवांची स्थिती. म्हणजे सुरुवात सामाजिक वास्तवापासून झाली म्हणायची. पण वाचकांची गर्दी कुठे झाली? १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. सुंदर नायिका, शूर नायक, दुष्ट माणसांची कारस्थानं, ताटातूट, मग योगायोगाने भेट. प्रेम आणि रहस्य एकाच पानावर. आपण आज ज्यांना दोन वेगळे 'जॉनर' म्हणतो, ते मराठीत जुळी भावंडं म्हणून आले.

माझं मत विचाराल तर 'मंजुघोषा' आज सलग वाचवत नाही. वर्णनं लांब, भाषा जड, आणि नायिका इतकी सुंदर की तिला दुसरं काही कामच नाही. पण 'पुढे काय झालं?' हा प्रश्न मात्र लेखकाला पक्का कळलेला आहे. प्रकरण कुठे तोडायचं हे आजच्या वेबसिरीजवाल्यांना कळतं ना, तसं.

आता एक योगायोग बघा. मंजुघोषा आली त्याच वर्षी, १८६८ साली, तिकडे इंग्लंडमध्ये हिकलिन नावाच्या खटल्याचा निकाल लागला. त्यात न्यायालयाने अश्लीलतेची एक कसोटी घालून दिली. थोडक्यात अशी : ज्यांचं मन अशा गोष्टींनी सहज बिघडू शकतं, अशा माणसाच्या हातात हे लिखाण पडलं तर त्याला बिघडवण्याकडे त्याचा कल आहे का? म्हणजे साधारण शहाण्या वाचकाचा विचार नाही. सगळ्यात कच्च्या मनाचा वाचक डोळ्यासमोर धरायचा आणि बाकी सगळ्यांचं वाचन त्याच्या मापाने कापायचं. ही कसोटी भारतातही आली आणि दीर्घकाळ टिकली. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रहस्यकथेकडे येऊ. तिचा मोठा झरा इंग्लंडमधूनच आला. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लेखक त्याच्या देशात 'स्वस्त आणि भडक' म्हणून हिणवला गेला, पण हिंदुस्थानात तो प्रचंड वाचला गेला. किती प्रचंड? 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणारे हरिभाऊ आपटे आठवतात ना? त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती', साल १८८५, रेनॉल्ड्सच्या कादंबरीवर बेतलेली होती. म्हणजे मराठी वास्तववादाचा पाया घालणारा माणूसही या 'भडक' वाटेवरूनच पुढे गेला. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवन गुहा' अशा अद्भुत आणि थरारक कादंबऱ्यांनी दोन पिढ्यांची झोप उडवली.

आणि मग बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६. हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही त्यांची माणसं. मी लागोपाठ पाच-सहा वाचल्या. आवडलं ते हे की वाक्य छोटं, गाडी जोरात आणि मुंबईची रात्र एकदम जिवंत. खटकलं ते हे की गुन्हा उलगडतो तो बऱ्याचदा पुराव्याने नाही, तर नायकाच्या धाडसाने. म्हणजे अगाथा ख्रिस्तीसारखं वाचकाला कोडं सोडवायला बसवणं इथे नाही. इथे नायकाच्या मागे धावायचं असतं. ते कळलं की मजा येते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या पुस्तकांनी माणसांना वाचायची सवय लावली. ज्यांच्या घरात पुस्तकाचं कपाट नव्हतं, त्यांनीही पैसे-दोन पैसे भाड्याने ही पुस्तकं नेली. साहित्याच्या इतिहासात मात्र अर्नाळकरांना जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो.

प्रेमकथेचं काय? तिथे नाव घ्यावं लागतं ना. सी. फडके यांचं. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या १९२८ ते १९३१ या काळातल्या. फडके कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं : कला आनंदासाठी असते, उपदेशासाठी नाही. समोर वि. स. खांडेकर, कला जीवनासाठी म्हणणारे. हा वाद मराठीत खूप चालला. फडक्यांची कादंबरी मी अजूनही एका बैठकीत संपवते. रचना इतकी चोख की कुठे अडखळत नाही. पण संपल्यावर एक प्रश्न राहतो. या सुखवस्तू जगात प्रेमातला अडथळा म्हणजे गैरसमज. पैसा, जात, घरची जबाबदारी हे सगळं कुठे गेलं?

त्याचं उत्तर १९३३ साली आलं. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह, लेखिका विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव होतं. लेखिकेचं नाव बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चाललंय, हुंडा कसा आडवा येतो, मुलीच्या पगारावर घर चालतं तेव्हा तिच्या लग्नाची घाई कशी कमी होते, हे तिने सरळ लिहिलं. प्रचंड गदारोळ झाला. ही बाई कोण, याचाच शोध सुरू झाला! प्रेमाबद्दल पुरुष लिहितो तेव्हा ते रंजन असतं, आणि बाई लिहिते तेव्हा तो पुरावा समजला जातो. या सगळ्या वाचनातलं मला सर्वांत जास्त लागलेलं पुस्तक हेच. नव्वद वर्षं झाली, तरी काही पानं कालची वाटतात.

आता कोर्टात चला.

१९६२ ची दिवाळी. पुण्याहून निघणाऱ्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात एक कथा छापून आली, 'श्यामा'. लेखक चंद्रकांत काकोडकर, त्या काळचे लोकप्रिय प्रेमकथाकार. कथेत निशिकांत नावाचा कवी आहे आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया आहेत : नीला, वनिता आणि श्यामा. कथा अश्लील आहे अशी फिर्याद झाली. भारतीय दंड संहितेचं कलम २९२. आरोपी तीन : अंकाचा मुद्रक-प्रकाशक, लेखक आणि विक्रेता.

खालच्या कोर्टाने सगळ्यांना सोडलं. त्यावर अपील झालं. मुंबई उच्च न्यायालयाने विक्रेत्याला सोडलं, पण प्रकाशक आणि लेखक यांना दोषी ठरवलं. शिक्षा काय? प्रत्येकी पंचवीस रुपये दंड, न भरल्यास एक आठवडा साधी कैद. आणि त्या अंकाच्या प्रती नष्ट करायचा आदेश.

पंचवीस रुपये. भरून मोकळं होता आलं असतं. पण मग लेखक म्हणून कायमचा शिक्का बसला असता : गोष्ट लिहिली म्हणून गुन्हेगार. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले.

काळ अनुकूल नव्हता. १९६४ सालीच त्याच न्यायालयाने मुंबईतले पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची शिक्षा कायम केली होती. का, तर त्यांच्या स्टॉलवर 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकली गेली. तो निकाल देताना आधार कशाचा होता? त्याच १८६८ च्या हिकलिन कसोटीचा.

२५ ऑगस्ट १९६९ रोजी काकोडकरांचा निकाल लागला. निर्दोष. आणि न्यायालयाने जे म्हटलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा सारांश माझ्या शब्दांत सांगते. एक, चार ओळी उचलून नाही, कथा पूर्ण वाचून ठरवायचं. दोन, समाजाची मापं बदलत असतात. तरुणांच्या हातात प्रेमाबद्दल, शरीरसंबंधांबद्दल लिहिलेलं पुष्कळ साहित्य आधीच आहे, आणि नुसता उल्लेख आला म्हणून ते अश्लील म्हणायचं तर त्यांनी फक्त धार्मिक ग्रंथच वाचत बसायचं. तीन, आणि हे माझं सर्वांत आवडतं : कथा उच्च दर्जाची नसेल, कच्ची असेल, अभिरुचीला धरून नसेल, तरी तेवढ्याने ती वाचणाऱ्याला बिघडवते असं होत नाही.

कळतंय ना, हे किती मोठं आहे? थोर साहित्याची बाजू घ्यायला सगळे पुढे येतात. इथे न्यायालय म्हणालं की सुमार गोष्टीलाही जगायचा हक्क आहे. सुमार असणं हा गुन्हा नाही.

मला स्वतःला काकोडकरांच्या प्रेमकथा फारशा भावत नाहीत. भाषा फार गोड होते, स्त्रिया बऱ्याचदा नायकाच्या दुःखासाठीच येतात. पण 'मला आवडलं नाही' आणि 'कोणीच वाचू नये' यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते याच माणसाने सात वर्षं झगडून आपल्याला मिळवून दिलं.

आणि गंमत बघा. त्याच १९६९ साली राजेश खन्ना-मुमताजचा 'दो रास्ते' आला आणि तुफान चालला. तो काकोडकरांच्याच 'नीलांबरी' कादंबरीवर आधारलेला. ऑगस्टपर्यंत ज्या लेखकावर अश्लीलतेचा शिक्का होता, त्याची गोष्ट डिसेंबरमध्ये अख्खं कुटुंब रांग लावून बघत होतं.

हिकलिन कसोटी सर्वोच्च न्यायालयाने पूर्णपणे बाजूला ठेवली ती २०१४ साली, अवीक सरकार खटल्यात. म्हणजे मंजुघोषेच्या वयाची ती कसोटी. तिला घालवायला १४६ वर्षं लागली.

शेवटी सुहास शिरवळकर, म्हणजे सुशि. बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन अशा नायकांच्या रहस्यकथा लिहिता लिहिता या माणसाने १९८२ साली 'दुनियादारी' लिहिली. २०१३ चा सिनेमा तुम्ही पाहिला असेलच. पण कादंबरी वाचा, ती सिनेमापेक्षा जास्त कडू आहे. कट्ट्यावरची मैत्री, प्रेम, घरातला दुरावा, सगळं रहस्यकथेच्या वेगाने येतं. मला वाटतं तिची ताकद तिथेच आहे. ज्याला पान उलटायला लावता येतं, तोच तुम्हाला नको त्या दुःखापर्यंतही नेऊन सोडू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीची ती जुळी भावंडं इथे पुन्हा एकत्र आलेली दिसतात.

तर माझा क्रम असा. सुरुवात 'दुनियादारी'ने करा, मग एखादा अर्नाळकर, मग फडक्यांची 'दौलत', आणि मग शांतपणे 'कळ्यांचे निःश्वास'. आवडलं नाही तर बिनधास्त मिटा. तो तुमचा निर्णय.

आणि एक काम. ही पुस्तकं स्वस्त कागदावर छापलेली, हजार हातांतून फिरलेली. ग्रंथालयांनीही ती नीट जपली नाहीत, कारण ती 'तसली' पुस्तकं होती. न्यायालयाने नष्ट करायला सांगितलेल्या प्रती थोड्याच होत्या, रद्दीवाल्याकडे मात्र पोती भरून गेली. गावी माळ्यावर, आजोळच्या ट्रंकेत एखादा जुना दिवाळी अंक, एखादा फाटका झुंजार सापडला तर किलोवर देऊन टाकू नका. आधी वाचा. मग घरातल्या मोठ्यांना विचारा, हे तुम्ही कुठे लपून वाचायचात? जे उत्तर मिळेल ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.

भेटूच. तोवर वाचत राहा, ऐकत राहा.