चांदा धर्मप्रांतातील चर्च-वास्तुपरंपरा

चांदा धर्मप्रांत हा सिरो-मलबार या पौर्वात्य कॅथोलिक परंपरेचा धर्मप्रांत असून चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. त्याचे मुख्य चर्च, संत थॉमस कॅथेड्रल, बल्लारपूर येथे आहे. वसई व गोव्यातील जुन्या चर्चचा वारसा पोर्तुगीज राजवटीशी निगडित आहे. चांदा धर्मप्रांताची परंपरा मात्र केरळमधील संत थॉमस ख्रिस्ती समाजाच्या पूर्व सिरियाक उपासनेतून आली आहे. त्यामुळे तिचे वेगळेपण वास्तूच्या वयापेक्षा तिच्या मांडणीत आढळते.

== इतिहास ==
हा प्रदेश पूर्वी नागपूरच्या लॅटिन परंपरेच्या महाधर्मप्रांतात होता. १९६२ मध्ये तो वेगळा करून सिरो-मलबार चर्चकडे सोपविण्यात आला. केरळबाहेर या चर्चला मिळालेले हे पहिले धर्मकार्यक्षेत्र होय. येथील कार्य १८३१ मध्ये केरळातील मान्नानम येथे स्थापन झालेल्या सीएमआय संघाच्या धर्मगुरूंनी सुरू केले. २६ फेब्रुवारी १९७७ रोजी या क्षेत्राला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. १९९९ मध्ये आदिलाबाद धर्मप्रांत त्यातून वेगळा झाला. चंद्रपूरचे 'चांदा' हे जुने नाव धर्मप्रांताच्या नावात आजही टिकून आहे.

== मांडणी ==
पूर्व सिरियाक परंपरेत चर्च शक्यतो पूर्वाभिमुख असते. वेदीचा उंच भाग 'मद्बहा' म्हणून ओळखला जातो आणि तो स्वर्गाचे प्रतीक मानला जातो. त्याच्यासमोर पडदा असतो व उपासनेतील ठरावीक वेळी तो उघडला जातो. भाविकांच्या सभागृहास 'हैकला', तर धर्मग्रंथ वाचनाच्या चौथऱ्यास 'बेमा' म्हणतात. ग्रंथवाचन बेमावर आणि अर्पणविधी वेदीवर होत असल्याने उपासनेचे टप्पे वास्तूतच दिसून येतात.

या परंपरेचे प्रमुख चिन्ह 'मार थोमा स्लीबा' हा क्रूस आहे. त्यावर येशूची आकृती नसते. रिकामा क्रूस पुनरुत्थान सूचित करतो. खालचे कमळ भारतीय भूमीचे, तर वरचे कबुतर पवित्र आत्म्याचे प्रतीक समजले जाते. अशा क्रूसाचा एक प्राचीन नमुना चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर असून त्यावर पहलवी लिपीतील लेख आहे.

== उपासनेची दिशा ==
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिरो-मलबार चर्चमध्ये काही ठिकाणी धर्मगुरू संपूर्ण ख्रिस्तयाग भाविकांकडे तोंड करून, तर काही ठिकाणी वेदीकडे तोंड करून अर्पण करू लागले. एकसमान पद्धतीसाठी २०२१ मध्ये धर्मसभेने आरंभीचा व अखेरचा भाग भाविकांकडे आणि मधला अर्पणविधी वेदीकडे तोंड करून करावा, असा निर्णय दिला. त्यावरून एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतात तीव्र वाद झाला. वेदीची जागा, पडदा व बेमा यांचा प्रश्न केवळ सजावटीचा नाही, हे या वादातून स्पष्ट होते.

== जतन ==
१९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्यानुसार संरक्षणासाठी वास्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. १९६२ नंतर बांधलेली चर्च या निकषात बसत नाहीत. त्यामुळे विस्तार वा पुनर्बांधणी करताना मूळ मांडणी राखण्याची जबाबदारी प्रामुख्याने धर्मग्राम आणि धर्मप्रांतावरच राहते.