गाणे आपले, यादी कुणाची?

14 एप्रिल जवळ आला की भोर-वेल्ह्यातल्या पोरांच्या ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो: गाणी कुठल्या ॲपवर ऐकायची? आवाज कुणाचा चांगला, सोयी कुणाच्या जास्त, पैसे कोण कमी घेतो? या तीन कसोट्या बरोबरच आहेत. पण आम्ही त्यांत चौथी घालतो. गाणे ज्याने लिहिले त्याचे नाव तिथे दिसते का? ही कसोटी मोबाईलच्या काळातली नाही. ती आंबेडकरी जलशाइतकी जुनी आहे.

नाव गाण्यातच होते

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. चवदार तळ्याचा सत्याग्रह 19 आणि 20 मार्च 1927 चा. तेव्हा घाटावरचा हा तोरणा-राजगडाचा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळाचा 1923 चा ठराव ब्रिटिश मुलखापुरता. संस्थानात त्याचा अंमल नव्हता. महाड हाकेच्या अंतरावर, पण कायदा तिथेच थांबलेला. गाण्याला मात्र संस्थानाची हद्द अडवत नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत चळवळ पोहोचवायची तर ती गाऊनच सांगावी लागणार, हे आपल्या शाहिरांनी ओळखले. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे उभे राहिले. साचा तमाशाचा, आशय मुक्तीचा.

पुढे वामनदादा कर्डकांनी (1922–2004) हजारो गाणी लिहिली. लोकशाहिरांच्या परंपरेप्रमाणे शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा येते. ती केवळ हौस नव्हती. ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, कंपनी नाही, त्याने आपला हक्क गाण्याच्या आतच बांधून ठेवला. गाणे कुणीही गावे, कुठेही गावे, नाव बरोबर जाणारच.

नाव कसे गळत गेले

मग यंत्रे आली. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. गाणे कापायचे म्हटले की शेवटच्या कडव्यावर गदा यायची, आणि नाव असायचे नेमके तिथेच. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीवस्तीत पोहोचले. हे कॅसेटचे उपकार आम्ही नाकारत नाही. ज्यांना मोठे स्टुडिओ विचारत नव्हते त्यांना कॅसेटने बाजार दिला. पण वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कवीचे नाव बारीक. त्यानंतर मेमरी कार्ड आले आणि तेवढे वेष्टनही गेले. उरले ‘भीमगीत 07’ असले फाईलचे नाव. डीजे मिक्समध्ये तर मुखडाच फिरत राहतो. शेवटचे कडवे येतेच कशाला?

आता ॲपकडे वळू

आधी आवाज. जिओसावनच्या पैसे भरून घेतलेल्या सेवेत 320 केबीपीएसपर्यंत (स्पॉटिफायची कमाल मर्यादाही 2025 पर्यंत तेवढीच होती), यूट्यूब म्युझिकवर 256 पर्यंत. ॲपल म्युझिकने 2021 मध्ये ‘लॉसलेस’ आवाज जादा पैसे न घेता दिला. पण हिशेब करा. 320 ने तासभर गाणी ऐकली तर साधारण 144 एमबी डेटा जातो, 96 ने 43 एमबी. दरीखोऱ्यात रेंज जिथे टेकडीवर चढून शोधावी लागते, तिथे 96 हेच शहाणपण. शिवाय जुन्या कॅसेटवरून उतरवलेले गाणे लॉसलेसमध्ये लावले, तर कॅसेटची खरखर तेवढी अधिक स्वच्छ ऐकू येते.

सोयी म्हणाल तर गाणे उतरवून ठेवता येणे ही आपल्याकडची खरी सोय, आणि बहुतेक ठिकाणी तिलाच पैसे पडतात. महिन्याचा दर साधारण शंभर ते तीनशे रुपये.

आता चौथी कसोटी. स्पॉटिफायवर गाण्याचे ‘क्रेडिट्स’ उघडता येतात. आपली गाणी उघडून पाहा. किती ठिकाणी गायक आणि कंपनी दिसते, आणि कवीची जागा रिकामी? रिकाम्या जागेला मानधन जात नाही. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत समान वाट्याचा, सोडून देता न येणारा हक्क दिला. कायदा आहे, पण नावच नोंदले नसेल तर वाटा कुणाला देणार? त्यात 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा, की वर्षभरात 1000 वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला पैसेच नाहीत. तालुक्याच्या शाहिराचे गाणे या उंबरठ्याबाहेरच राहायचे. उंबरठ्याबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपल्याच डोंगरातला दाखला

‘लाखो गाण्यांत प्रत्येकाचे नाव कसे ठेवणार?’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या याच डोंगरी पट्ट्यात फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे काम महाराष्ट्रभर पसरले. आज ‘पारी’ या संकेतस्थळावरच्या त्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत. त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. आवाज स्टुडिओतला नाही, किंमत शून्य, पण चौथ्या कसोटीत तो पहिला. दळणाऱ्या बाईचे नाव कष्टकऱ्यांचे अभ्यासक टिपून ठेवू शकतात, तर अब्जावधींच्या कंपन्यांना ते जमत नाही? जमत नाही असे नव्हे, गरज वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, ॲप परवडेल ते घ्या. पण यंदाच्या जयंतीची यादी करताना प्रत्येक गाण्यापुढे कवीचे नाव लिहा, आणि माइकवरून ते सांगा. गाणे पूर्ण वाजवा, शेवटच्या कडव्यासकट. गावातले जुने शाहीर हयात आहेत तोवर त्यांच्या वह्या मोबाईलवर टिपून घ्या. नाव, गाव, सालासह. त्यांच्या गाण्यांची गीतकार म्हणून नोंदणी करायला त्यांना मदत करा. आपल्या शाहिरांनी नाव गाण्यात कोरले होते. ते पुसू न देणे आपले काम आहे.

जय भीम!