ईट, तालुका भूम : एका पत्त्याचें लेखन

मुक्काम पोस्ट ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. हा पत्ता मराठी हाताला जड जाण्यासारखा नाहीं. शाळेंतलें लहान मूलहि तो पाटीवर बिनचूक उतरवील. तथापि ह्या एवढ्याशा ओळींत एक दीर्घ ई आहे, दोन ऱ्हस्व वेलांट्या आहेत, दोन ल आहेत आणि एक श आहे. आणि गेल्या शंभर वर्षांत लेखनाचें जें जें नवें साधन महाराष्ट्रांत आलें, त्याच्याशीं मराठी माणसाला नेमकें ह्याच अक्षरांवरून भांडावें लागलें. संगणकाची नवी प्रणाली घरांत आली, कीं पहिल्याच दिवशीं जो तो जुनी रचना परत मिळविण्यासाठीं धडपडतो. त्याला आळस म्हणणारे पुष्कळ भेटतात. ह्या पत्त्याचा इतिहास पाहिला तर तें म्हणणें पटत नाहीं.

यंत्रांच्या आधींचा काळ प्रथम घेतला पाहिजे. दप्तरांतील मोडी ही हात न उचलतां भराभर लिहावयाची लिपि. तिच्यांत इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळीत नसत. इट आणि ईट हीं तिला सारखींच. मुंबई इलाख्यांत 1917 सालीं कारभारासाठीं मोडीऐवजीं बालबोध स्वीकारण्याचें ठरलें. उस्मानाबाद जिल्हा मात्र त्या इलाख्यांत नव्हता. तो निजामाच्या राज्यांत होता, आणि तेथें 1884 च्या सुमारास फारसीची जागा उर्दूनें घेतली होती. उर्दूंत हें नांव अलिफ, ये आणि टे ह्या तीन अक्षरांनीं लिहावें लागतें. आणि वर स्वरचिन्हें दिलीं नाहींत तर तेंच ईट, एट किंवा ऐट असें वाचतां येतें. ज्याला गांव ठाऊक त्यालाच नांव वाचतां यावें, अशी ती गंमत. गंमत खरी, पण शेताच्या कागदावर महाग पडण्याजोगी. सप्टेंबर 1948 मध्यें निजामी राजवट संपली. 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. 1960 सालीं महाराष्ट्र झाला, आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमानें कारभार मराठींत आणण्याची कायदेशीर व्यवस्था झाली. कचेऱ्याकचेऱ्यांतून मराठी टंकलेखनयंत्रांचा खडखडाट ऐकूं येऊं लागला.

हें यंत्र मूळचें इंग्रजी लिपीसाठीं घडलेलें. चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हें. म्हणजे नव्वदीच्या आसपास चिन्हांत सारा संसार. देवनागरीला तर जोडाक्षरांसह शेंकडों आकार लागतात. तेव्हां तोड अशी काढण्यांत आली, कीं पुष्कळ अक्षरें अर्धींच ठेवावीं आणि उभ्या दांड्याची स्वतंत्र कळ दाबून तीं पुरीं करावीं. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधीं दिसते, म्हणून ती आधीं उमटवावी. जिल्हा हा शब्द टंकतांना बोट प्रथम वेलांटीवर जाई, मग ज वर. दीर्घ ई साठीं निराळी कळ खर्च करण्याचें कारणच नव्हतें. ऱ्हस्व इ उमटवून तिच्या डोक्यावर रेफ चढविला, कीं ई तयार. म्हणजे यंत्राच्या लेखीं ईट हा शब्द इ, रेफ आणि ट असा होता. उच्चाराशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं. परंतु कागदावर अक्षर बरोबर दिसे, आणि वाचकाला तेवढेंच हवें होतें.

यंत्राच्या सोयीसाठीं लिपीच बदलावी, असाहि विचार ह्या काळांत जोरावर होता. सावरकरांनीं एकट्या अ लाच सर्व स्वरचिन्हें लावण्याचा पुरस्कार केला. त्या पद्धतीनें हें गांव अीट असें लिहिलें जाईल. 'किर्लोस्कर' मासिकानें ही लिपि कित्येक वर्षें चालविली. पुढें 1953 सालीं लखनौ येथें भरलेल्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली. तर्काच्या दृष्टीनें दोन्ही सूचनांत खोट काढणें कठीण. पण वाचकांचा डोळा तर्काला बधला नाहीं. कांहीं वर्षांतच लखनौची वेलांटी पुन्हां डावीकडे आली, आणि अीटचें पुन्हां ईट झालें.

संगणकानें हा तंटा निराळ्या रीतीनें सोडविला. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेंत सुरू झालेलें भारतीय लिप्यांचें काम 1988 नंतर पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलें. इन्स्क्रिप्ट नांवाचा कळफलक 1986 सालीं ठरला. 1991 सालीं अक्षरांना अंक नेमून देणारी इस्की ही भारतीय संकेतावली प्रमाण झाली, आणि त्याच सुमारास युनिकोड ही जागतिक संकेतावली निघाली. ह्या सर्वांचें तत्त्व एक: अक्षर उच्चाराच्या क्रमानें साठवावें, आणि डोळ्याच्या संवयीप्रमाणें दाखविण्याचें काम यंत्रानें करावें. जिल्हा साठवितांना ज आधीं, वेलांटी मागून. पडद्यावर मात्र वेलांटी आपोआप डावीकडे. लखनौचा तर्कहि राहिला, वाचकाचा डोळाहि राहिला.

उरला तो हात. इन्स्क्रिप्टमध्यें स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजनें उजव्या हाताकडे अशी मोठी सुबक मांडणी आहे; नवशिक्याला ती लौकर साधते. परंतु ज्याचीं बोटें रेमिंग्टनच्या कळांवर घडलीं, त्याच्या दृष्टीनें ती सगळी उलथापालथ होती. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठीं मराठींत मिनिटाला 30 शब्दांची गति मागतात. ही गति डोक्यांत नसते, बोटांत असते; कळा हलल्या कीं ती गेली, आणि तिच्याबरोबर पोटापाण्याचा आधारहि डळमळला. म्हणून नव्या यंत्रावर जुना कळफलक बसवून मागणें ही हौस नव्हती. ती मागणी पुरविणारांपुढें मोठा मौजेचा पेच पडला. टंकलेखक वेलांटी आधीं दाबणार, आणि साठवण तर उलट क्रमाची! तेव्हां दाबलेली वेलांटी क्षणभर धरून ठेवावयाची आणि पुढचें अक्षर आलें कीं तिला त्याच्या मागें बसवावयाची, अशी युक्ति योजावी लागली. इ नंतर रेफ आला तर दोहोंचें मिळून ई करावयाचें, हेंहि त्यांतच आलें.

विंडोजमध्यें युनिकोड देवनागरी 2000 च्या आवृत्तीपासून आली. त्यानंतरच्या एक्सपी आवृत्तींत अक्षरें नीट जुळावींत म्हणून सेटिंगमध्यें जाऊन एका चौकटींत खूण करावी लागे, आणि बहुधा मूळची सीडीहि हुडकावी लागे. तसें न केलेल्या यंत्रावर जिल्ह्याची वेलांटी ज च्या उजव्या बाजूस जाऊन बसे. लखनौची परिषद जणूं पुन्हां भरली!

हाताची सोय झाली तरी वळणाचा प्रश्न राहिलाच. तालुक्यांतला ल मराठींत पाकळ्यांचा, हिंदींत दांड्याचा. श मराठींत देठाचा, हिंदींत गांठीचा. संकेतावलींत मात्र दोन्ही वळणांना अंक एकच, आणि प्रचलित फाँटांत पुष्कळदां हिंदी वळण भरलेलें. महाराष्ट्र शासनानें 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयानें पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीं मराठीचीं प्रमाण रूपें ठरविलीं. चांगल्या फाँटांत आतां दोन्ही वळणें असतात, आणि मजकूर मराठी आहे असें सांगितलें तर यंत्र मराठी वळण काढतें. सांगावें मात्र लागतें. 2023 सालीं उस्मानाबादचें धाराशिव झाल्यापासून तर ह्या जिल्ह्याच्या प्रत्येक कागदावर श येतो. ॲ ह्या अक्षराला युनिकोडमध्यें स्वतंत्र स्थान मिळावयास 2008 साल उजाडलें. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ह्यांतला भेद राखणारा अर्धा र देखील असाच जपावा लागला. तो गेला असता तर गुरु आणि स्वयंपाकी एका पंगतीस बसते.

सगळेंच कांहीं सुखरूप पोंचलें नाहीं. युनिकोडपूर्वीचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी आकार बसवून केलेले होते, आणि त्यांतले पुष्कळ टंकलेखनयंत्राचीच रीत पाळीत. अशा फाँटांतला मजकूर घाईनें युनिकोडमध्यें आणला, कीं इ वर चढविलेला रेफ कित्येकदां सुटा र म्हणूनच उतरतो आणि इ च्या आधीं साठविला जातो. मग मुंबईचें मुंबर्इ होतें आणि ईटचें र्इट. पडद्यावर पाहणाऱ्याला फरक जवळजवळ जाणवत नाहीं. वर रेफ तोच, खालीं इ तीच. शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र तीं दोन निराळीं नांवें आहेत, आणि अशा जुन्या कागदांत कोणी ईट शोधूं लागला तर त्याला गांव सांपडत नाहीं.