मध्यान्हीच्या अर्ध्या तासाची मागणी

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव प्रामुख्याने रविवारच्या सुट्टीशी जोडले जाते. ती मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. परंतु १८८४ साली परळच्या सभेत मांडलेल्या मागण्यांत दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचीही मागणी होती. तिचा उल्लेख बहुधा ओझरताच येतो. १८८१ च्या कारखाना कायद्याचे संरक्षण प्रामुख्याने बालकामगारांपुरते होते. प्रौढ कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापुढे उभा असे. रविवार त्याला गिरणीबाहेर नेणारा होता. हा अर्धा तास मात्र गिरणीतच, सोबत्यांसह बसून भाकरी खाण्याचा होता. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मागणी अधिक मूलगामी होय, कारण तीत यंत्रच थांबवावे लागत होते. १८९१ च्या कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबविणे बंधनकारक केले.