युवराजांच्या कंठातील तुकडा

१८८७ च्या जानेवारीत जर्मनीचे युवराज फ्रेडरिक विल्हेल्म यांचा आवाज बसला. हिवाळ्यातले पडसे म्हणून प्रथम कोणी ते फारसे मनावर घेतले नाही. परंतु आठवडे लोटले तरी घोगरेपणा जाईना, तेव्हा मार्चमध्ये बर्लिनचे प्राध्यापक गेरहार्ट यांना पाचारण करण्यात आले. आरशाच्या साहाय्याने स्वरयंत्र पाहण्याची युक्ती गार्सिया नावाच्या एका गायनशिक्षकाने शोधून काढली, त्याला तेव्हा तीस वर्षे होऊन गेली होती. त्या आरशात गेरहार्टांना डाव्या स्वरतंतूवर एक लहानशी गाठ दिसली. त्यांनी ती तारेच्या फासाने काढून पाहिली. साधेना, म्हणून विजेने तापविलेल्या तारेने जाळली. मे महिन्यात ती पुन्हा उगवली. शिवाय तो स्वरतंतू आता पूर्वीसारखा हलेनासा झाला होता. हे लक्षण अनुभवी वैद्याला बेचैन करणारे होते.

शस्त्रवैद्य बेर्गमान यांनी कर्करोगाचे निदान केले आणि गळा बाहेरून उघडून गाठ काढण्याचे ठरविले. २१ मे हा दिवसही मुक्रर झाला. त्या काळी ही शस्त्रक्रिया म्हणजे मृत्यूशी केलेला सौदाच होता. स्वरयंत्र संपूर्ण काढण्याची पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्नात बिलरोट यांनी केली, ती अवघी १८७३ सालची. आणि इथे तर रोगी नव्वद वर्षांच्या सम्राटाचा वारस! २० मे रोजी लंडनहून कंठरोगांचे नामांकित वैद्य मोरेल मॅकेन्झी आले. त्यांनी एकच अट घातली : गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग सिद्ध झाल्याखेरीज सुरी लावावयाची नाही.

जिवंत माणसाच्या शरीरातून तुकडा काढून रोग ओळखण्याच्या या पद्धतीला ‘बायॉप्सी’ हे नाव बेनिये या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८७९ साली दिले होते. बर्लिनला तर ती अपरिचित नव्हती. गर्भाशयमुखाचे तुकडे तपासून कर्करोग ओळखण्याचे काम रूगे आणि फाइट यांनी त्याच शहरात आरंभले होते, आणि रोगाचे मूळ पेशीत शोधावे हे ज्यांनी १८५८ साली जगाला सांगितले, ते रूडॉल्फ फिर्को तिथेच अध्यापन करीत होते. तुकडा फिर्कोंकडेच गेला.

पहिला तुकडा इतका लहान होता की त्यावरून काही ठरविता येईना. दुसऱ्यातही घातक असे काही सापडले नाही. गेरहार्टांचा आक्षेप असा की, या खटपटीत मॅकेन्झींचा चिमटा उजव्या, निरोगी स्वरतंतूला लागला. मॅकेन्झींनी तो साफ नाकारला. ८ जूनला तिसरा, पुष्कळ मोठा तुकडा निघाला. फिर्कोंचा अहवाल आला : ही कातडी चामखिळीसारखी जाड झाली आहे, कर्करोगाची खूण नाही. मात्र याच अहवालात त्यांनी हेही लिहून ठेवले होते की, या तुकड्यांवरून संपूर्ण रोगाविषयी निश्चित निर्णय देता येणार नाही. मॅकेन्झींनी आणि राजवाड्याने अहवालाचा पहिला भाग ऐकला. दुसरा भाग कागदावरच राहिला. फिर्कोंना दोष देणाऱ्यांनीही पुढे तो क्वचितच वाचलेला दिसतो.

शस्त्रक्रिया रद्द झाली. २१ जूनला लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मिरवणुकीत तिचे हे जावई पांढऱ्या गणवेशात घोड्यावर बसून निघाले, तेव्हा पाहणाऱ्यांना त्यांच्या रोगाची कल्पनाही आली नसेल. सप्टेंबरमध्ये मॅकेन्झींना ‘सर’ हा किताब मिळाला. नोव्हेंबरात इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमो येथे त्याच मॅकेन्झींना युवराजांच्या घशात नवी वाढ दिसली, आणि कर्करोगाची शक्यता त्यांनाही मान्य करावी लागली. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागली. बरोबर एक महिन्याने वृद्ध सम्राट वारले. नवे सम्राट तिसरे फ्रेडरिक गादीवर आले ते मुके होऊन. चिठ्ठ्या लिहून ते राज्यकारभार पाहत. ९९ दिवसांनी, १५ जूनला, त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी शवपरीक्षा झाली. तपासणाऱ्यांत फिर्को स्वतः होते. स्वरयंत्र कर्करोगाने पोखरून गेले होते.

मग दोन्ही देशांच्या वैद्यांनी एकमेकांवर पुस्तके लिहून जी चिखलफेक केली, ती वैद्यकाला भूषणावह नव्हती. फ्रेडरिक जगते तर महायुद्ध टळले असते, असे म्हणणारेही आहेत. परंतु साऱ्या युरोपचा इतिहास एका स्वरतंतूला टांगणे फार होईल. शिवाय मे महिन्यातली शस्त्रक्रिया झाली असती, तरी ते तिच्यातून वाचलेच असते असे कोण सांगणार?

१९४८ साली अमेरिकेत अॅकरमन यांनी चामखिळीसारख्या दिसणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन केले. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडात तो आढळतो. भारतातील वैद्यांना तो चांगलाच परिचित आहे. त्याचा वरवरचा तुकडा तपासला तर नुसती जाड झालेली, निरुपद्रवी कातडी दिसते. रोग खाली, मुळाशी असतो. फ्रेडरिकना हाच रोग असावा असा तर्क काही वैद्यांनी केला आहे, तो सर्वांना मान्य नाही. परंतु अशा गाठीचा वरचा पापुद्रा घेऊन आलेल्या डॉक्टराला विकृतिशास्त्रज्ञ आज निर्णय देत नाही. तुकडा अपुरा आहे, अधिक खोलवरचा पाठवा, एवढेच तो अहवालात लिहितो.