‘उपयुक्त’ ते ‘शोभादायक’ : अमेरिकी डिझाइन-पेटंटच्या अटींचा इतिहास

कायद्यातील एखादे विशेषण बदलले की हक्काची सीमाही बदलते. अमेरिकेतील डिझाइन-पेटंटचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय. वस्तू कशी चालते यावर नव्हे, तर ती कशी दिसते यावर हा हक्क मिळतो. त्यासाठी उत्पादित वस्तूचे डिझाइन नवे, स्वोपज्ञ आणि शोभादायक असावे लागते. यांपैकी तिसरी अट कायद्यात येण्यास साठ वर्षे लागली.

१८३६ च्या पेटंट कायद्याने शोधांना संरक्षण दिले होते; ग्रंथ कॉपीराइटच्या कक्षेत येत. कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूचे रूप मात्र या दोहोंच्या मध्ये निराधार राहिले. पेटंट-आयुक्त हेन्री एल्सवर्थ यांनी ही उणीव काँग्रेसच्या निदर्शनास आणली आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी डिझाइनांना सात वर्षांचे पेटंट देणारा कायदा झाला. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला पहिले डिझाइन-पेटंट मिळाले ते न्यूयॉर्कमधील खिळे ओतणारे कारखानदार जॉर्ज ब्रूस यांना, छपाईच्या खिळ्यांसाठी. खिळ्याचा उपयोग सर्वांना खुलाच होता. हक्क होता तो अक्षराच्या विशिष्ट वळणावर.

कायद्याच्या शब्दांत हा भेद इतका स्पष्ट नव्हता. १८४२ च्या कायद्यात नक्षीला ‘नवी व उपयुक्त’ म्हटले होते. १८७० च्या कायद्याने वस्तूच्या आकारालाही ‘उपयुक्त’ हे विशेषण जोडले. शोधाची कसोटी अशा रीतीने रूपाला लागू झाली आणि डिझाइन व शोध यांतील सीमारेषा पुसट झाली. अखेर १९०२ मध्ये काँग्रेसने ‘उपयुक्त’ हा शब्द वगळून त्याजागी ‘शोभादायक’ हा शब्द घातला. १९५२ च्या पेटंट कायद्याच्या कलम १७१ मध्ये तो कायम राहिला.

या शब्दाचा व्यावहारिक अर्थ १९९६ च्या एका निवाड्यात दिसतो. किल्लीच्या पात्याचा आकार कुलपाच्या खाचेत बसण्यासाठीच ठरलेला असल्यामुळे त्यावरील डिझाइन-पेटंट न्यायालयाने अवैध ठरविले. अन्यथा शोभेच्या नावाखाली कार्याचीच मक्तेदारी मिळाली असती.

रूप पारखावे कोणाच्या डोळ्याने, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता. चमच्यांच्या दांड्यांवरील नक्षीसंबंधी गोरहॅम कंपनी विरुद्ध व्हाइट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८७१ च्या सत्रात तज्ज्ञाची नव्हे, तर सामान्य ग्राहकाची दृष्टी प्रमाण मानली. तज्ज्ञाला बारीक फरक नेहमीच दिसतात. त्याचीच दृष्टी प्रमाण मानली असती, तर किरकोळ फेरफार करून कोणतीही नक्कल सुटली असती. प्रश्न तेथे उल्लंघनाचा होता; तथापि २००९ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने नवेपणाही याच कसोटीवर पारखावा असे ठरविले. याउलट, डिझाइन पूर्वीच्या नमुन्यांवरून सहज सुचण्याजोगे नसावे ही अट त्या क्षेत्रातील सामान्य डिझाइनकाराच्या दृष्टीने तपासली जाते. तिच्यासाठी रूढ असलेली ताठर चौकट त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये मोडली.

अर्जाची रचनाही याच तत्त्वाला धरून आहे. त्यात दावा एकच असतो आणि त्याचा खरा आशय रेखाचित्रे सांगतात. १३ मे २०१५ पासून दाखल झालेल्या अर्जांवरील पेटंटची मुदत मंजुरीपासून १५ वर्षे असते. शोधाच्या पेटंटमध्ये जे काम शब्द करतात, ते येथे रेषा करतात. त्या रेषांना हक्काचे स्थान मिळवून देण्यासाठी मात्र कायद्याला योग्य शब्दाचा शोध घ्यावा लागला.