श्वसनानुकारी यंत्र

मानवी श्वासोच्छ्वासाची लय, त्याचे आकारमान आणि उच्छ्वासातील वायूंचे प्रमाण यांचे यांत्रिक अनुकरण करून, प्राणरक्षक साधने माणसाच्या तोंडी देण्यापूर्वीच पारखून घेणारे उपकरण. यास ‘कृत्रिम फुप्फुस’ असेही म्हणतात. रायगडच्या किनारपट्टीस या उपकरणाचे महत्त्व विशेष आहे. कारण अलिबाग तालुक्यातील थळच्या खत कारखान्यात अमोनिया तयार होतो, उरणला मुंबई हायचे तेल व वायू नळांवाटे किनाऱ्यास लागतात, न्हावा येथील तळावरून समुद्रातील फलाटांना रसद जाते, आणि या साऱ्या व्यवसायांत प्रसंगी बाटलीतल्या हवेवाचून माणसाचा निभाव लागत नाही.

यंत्राचा गाभा म्हणजे नळकांड्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या. विश्रांतीच्या वेळी प्रौढ मनुष्य एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. परंतु धुरात शिडी चढणाऱ्या जवानाची गरज याच्या कितीतरी पट असल्याने युरोपीय मानकांत अग्निशामकाचा श्वसनसंच मिनिटास अडीच लिटरांच्या ४० श्वासांवर, म्हणजे १०० लिटरांवर, तपासतात. तर पाणबुड्याच्या श्वसननियंत्रकाची परीक्षा तेवढ्याच आकाराच्या २५ श्वासांवर, पण ५० मीटर खोलीच्या दाबाखाली होते. मुखवटा धातूच्या मस्तकावर घट्ट बसवून त्यातून ५ टक्के कार्बन डायऑक्साइडयुक्त उच्छ्वास सोडतात आणि पुढच्या श्वासात त्याचा किती अंश परत येतो हे मोजतात. तो सरासरी १ टक्क्यावर गेल्यास मुखवटा नापास ठरतो.

खोल पाण्यात काम करणारे पाणबुडे दिवसचे दिवस जहाजावरील दाबकक्षात राहतात. तेथील हवेतून कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या चुन्याची मुदतही या यंत्राने ठरविता येते. मुंबई हायजवळ समुद्र सुमारे ७५ मीटर खोल असून त्या खोलीचा दाब साडेआठ वातावरणे भरतो. म्हणून पृष्ठभागावर क्षुल्लक वाटणारा अर्धा टक्का वायू तेथे सव्वाचार टक्क्यांइतका बाधतो. २७ जुलै २००५ रोजी ऐन पावसाळ्यात ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय उत्तर फलाटावर आदळून आग लागली व २२ जणांचा अंत झाला, तेव्हा जहाजाच्या दाबकक्षात अडकलेल्या सहा पाणबुड्यांची सुटका सुमारे ३६ तासांनी झाली. दार उघडून बाहेर पडणे ज्यांना शक्यच नाही, त्यांच्या आयुष्याची दोरी त्या कक्षातील हवेच्या बंदोबस्तावरच असते. म्हणून या साधनांची खातरजमा आधी आणि कष्टाच्या श्वासावरच व्हावयास हवी.

यंत्रास मर्यादाही आहेत. त्यास भीती वाटत नाही, धाप लागत नाही, आणि त्याच्या गुळगुळीत मस्तकाला दाढी नसते. चेहऱ्यावरील केसांमुळे मुखवट्याच्या कडेने वायू आत शिरतो, हा दोष तेथे दिसतच नाही. यास्तव प्रयोगशाळेचा दाखला हाती असला, तरी प्रत्येक कामगाराच्या चेहऱ्यावर मुखवटा स्वतंत्रपणे बसवून पाहणे कारखान्याच्या जाबत्यात असलेच पाहिजे.